जुनं पोस्टर : रद्दी की ठेव?



आपल्या पनवेल तालुक्यात विमानतळ, रस्ते आणि नव्या इमारतींमुळे कितीतरी जुनी घरं उतरवली गेली. घर रिकामं करताना माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्या तळाशी अंथरलेला कागद निघतो आणि भंगारवाला तो किलोवर घेऊन जातो. कधीकधी तो कागद सिनेमाचं जुनं पोस्टर असतो, नाहीतर पूर्वी थिएटरात मिळायची ती गाण्यांची चोपडी. या कागदांची किंमत कशी ठरते, ते आज बघूया.

पोस्टर टिकावं म्हणून छापलेलंच नसायचं. खळ लावून भिंतीवर चिकटवायचं, सिनेमा उतरला की त्यावर दुसरं. म्हणून जे वाचलं ते दुर्मीळ झालं. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांपैकी एक मानलं जातं. ‘मेट्रोपोलिस’ या १९२७च्या जर्मन चित्रपटाचं पोस्टर तर २००५ साली सुमारे ६,९०,००० डॉलरला विकलं गेलं. कारण त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत.

पण असे आकडे ऐकून हुरळून जाऊ नका. किंमत चार गोष्टींवर ठरते. सिनेमा कोणता? चित्रकार कोण? प्रती किती उरल्या? आणि कागदाची अवस्था कशी? शिवाय पोस्टर पहिल्या प्रदर्शनाचं आहे का, हेही बघतात. ‘मुगल-ए-आझम’ १९६० साली आला आणि २००४ साली रंगीत होऊन पुन्हा लागला. नाव एकच, पण २००४चं पोस्टर म्हणजे १९६०चं नव्हे. त्यांचा भावही एक नसतो.

नकलाही खूप आहेत. मुंबईच्या चोरबाजारात खरी पोस्टरं मिळतात, तशी नव्याने छापलेलीही मिळतात. पूर्वी पोस्टर घडी घालून थिएटरकडे पाठवत, म्हणून जुन्या कागदावर बहुधा घडीच्या खुणा असतात. खालच्या कडेला अनेकदा छापखान्याचं नाव असतं. कागद पांढराशुभ्र आणि गुळगुळीत असेल, तर शंका घ्या. अर्थात नवा कागद चहाच्या पाण्यात बुडवून जुना दाखवता येतो. म्हणून जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे मोजू नका.

आता आपल्या बचत गटाचा प्रश्न. ‘पोस्टरात पैसे गुंतवा, दोन वर्षांत दुप्पट,’ असं कोणी म्हणालं तर? सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, सराफाकडे गेलं की पैसे हातात पडतात. पोस्टराला असा भाव नाही. समजा, पाच हजारांना घेतलं आणि मुलीच्या फीसाठी विकायला काढलं. दुकानदाराला स्वतःचा नफा हवा, तो तीन हजारच देऊ करेल. हौशी गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबायची सोय आपल्याला असते का? व्याज नाही, आणि त्यावर कर्जही सहसा मिळत नाही. म्हणून गटाचा पैसा यात घालू नये. ज्याला आवड आहे त्याने हौसेच्या पैशातून घ्यावं.

मात्र घरात निघालेलं पोस्टर रद्दीतही घालू नये. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. त्याने किंमत पडते. ओल्या फडक्याने पुसू नका. कोरड्या सुती कापडात सपाट ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल, कसर आणि वाळवीपासून जपा, जमिनीवर ठेवू नका. मोबाईलवर पुढून-मागून फोटो काढा, निदान दोन-तीन जाणकारांना दाखवा, मगच भाव बोला. विकायचं नसेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत चित्रपटांसोबत पोस्टरं आणि गाण्यांच्या चोपड्याही जतन करतात.

तेव्हा ट्रंक रिकामी कराल, तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तळाचा कागद एकदा उलगडून बघा. बघायला पैसे पडत नाहीत.