न दिसणारे ओझे



यंत्रात ज्याचा हात गेला त्याची भरपाई मागणे युनियनला त्यामानाने सोपे असते. जखम सर्वांना दिसते. ज्याच्या अंगावर जखम नाही, परंतु मेंदूची घडणच निराळी आहे, त्याची बाजू कोणी मांडावयाची? आज आम्ही त्याच्यासाठी उभे आहोत.

असा एक फिटर डोळ्यांपुढे आणा, की जो यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगतो, पण फलकावरची नोटीस त्याला वाचवत नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्याच्या मेंदूत सहज बसत नाही. ह्यास डिस्लेक्सिया म्हणतात. रुडॉल्फ बर्लिन ह्या जर्मन नेत्रवैद्याने १८८७ सालच्या आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला. ह्या अडचणीचे मूळ डोळ्यांत नसते, आणि बुद्धीही कमी नसते.

लोक हा शाळकरी मुलांचा प्रश्न समजतात. पण मूल मोठे होते, कामाला लागते. घडण तीच राहते. मग माणूस लपविण्यात तरबेज होतो. 'चष्मा घरी राहिला' म्हणतो. मुकादमी नाकारतो, कारण मुकादमाला नोंदवही लिहावी लागते. आणि एखाद्या दिवशी न वाचताच राजीनाम्याच्या कागदावर सही करून बसतो!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता ह्यांना स्थान आहे. सरकारी आस्थापनांनी अशा कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी द्याव्यात, असे त्याचे २० वे कलम सांगते. ह्या सोयींना फारसा खर्च येत नाही. एकाला नोटीस वाचून दाखवावी. ज्याचे चित्त ठरत नाही त्याला एका वेळी एकच काम नेमून द्यावे. स्वमग्न माणसाला पाळी बदलण्याची आगाऊ सूचना द्यावी, गोंगाटापासून थोडे दूर बसवावे.

अशा बांधवांना आमचे सांगणे एवढेच: विश्वासाच्या एका तरी माणसाजवळ मन मोकळे करा. हातातला फोन आता मजकूर वाचून दाखवितो; त्याचा उपयोग करा. कोणताही कागद पुढे आला, की 'आधी वाचून दाखवा, मग सही' असे ठणकावून म्हणा.

आणि ज्यांना सहज वाचता येते, त्यांनी उद्यापासून फलकापुढे उभे राहून नोटीस मोठ्याने वाचावी. कोणाला गरज आहे, हे विचारू नये. ज्याला हवे, तो ऐकेल.