बेवारशी यंत्रभागांची वीज

(शासकीय कर्मचाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. संगणकाच्या अंतरंगाविषयी अधिकारवाणीने बोलणे मला साधणार नाही. तथापि लॅपटॉपवर साधे टिपण लिहितानाही तो तापतो आणि बॅटरी उतरते, हे गाऱ्हाणे आपणांपैकी अनेकांचे आहे. ज्या भागांचे कामच पडत नाही तेही वीज खात असतात, हे त्याचे एक कारण होय.

जे वापरात नाही ते बंदच असणार, अशी आपली भाबडी समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. यंत्र सुरू होताच त्यातील अनेक भाग जागे केले जातात. मग कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रत्येक भाग ज्याच्या त्याच्या ड्रायव्हरकडे सोपवितो. ज्याला ड्रायव्हर लाभत नाही, असा पीसीआय जोडणीवरील भाग लिनक्समध्ये सामान्यतः 'डी-०' अवस्थेत, म्हणजे पूर्ण जागृतीत, राहू दिला जातो. याला आळस म्हणता येणार नाही. ज्याची माहिती नाही तो भाग निजवला, तर पुन्हा सुखरूप जागा होईल याची हमी कोण देणार?

याचे ठळक उदाहरण ऑप्टिमस रचनेचे. एनव्हिडिया कंपनीने ती २०१० मध्ये आणली. लॅपटॉपमध्ये चित्रांकनाच्या दोन चिप. जड कामापुरती मोठी चिप जागवावयाची, एरवी निजवावयाची. त्या काळी लिनक्सवर ही सोय नीट नव्हती आणि मोठी चिप काहीही न करता वीज खात राही. तेव्हा काही हौशी जाणकारांनी 'बीबीस्विच' नावाचे मोड्यूल लिहिले. चित्र काढणे त्याला ठाऊकच नव्हते! कार्डाची वीज तोडणे आणि जोडणे, एवढेच त्याचे काम. एखादी वस्तू बंद ठेवण्यासाठीही तिला कोणी धनी लागतो, हे मला तरी मोठे अर्थपूर्ण वाटते. बाकी यंत्रणा चालू असताना एकेक भाग निजविण्याची सर्वसाधारण चौकट लिनक्समध्ये २००९ साली, २.६.३२ या आवृत्तीत, आली होती. परंतु तिचा लाभ मिळण्यास ड्रायव्हरचे सहकार्य आवश्यक असते.

मोबाइलसारख्या लहान यंत्रांत धोरण नेमके उलटे आहे. तेथे आरंभाची कामे आटोपली की ज्या घड्याळ-संकेतांवर कोणी हक्क सांगितलेला नाही ते लिनक्सचा गाभा बंद करतो. वीजनियंत्रकांना मात्र सुमारे ३० सेकंदांची सवलत मिळते. यात बचत खरी, पण जोखीमही आहे. पडद्याला लागणारा संकेत कोणाच्याच नावे नोंदलेला नसेल, तर चालू यंत्राचा पडदा अकस्मात काळा पडतो. म्हणून ही छाटणी थांबविणारी आज्ञाही गाभ्यात ठेवलेली आहे. दोष शोधताना तंत्रज्ञ तिचाच आश्रय घेतात.

लिनक्स वापरणाऱ्यांनी आपल्या तंत्रज्ञाकडून एवढे पाहून घ्यावे: प्रत्येक यंत्रभागाच्या 'पॉवर' विभागात 'कंट्रोल' नावाची नोंद असते. तेथे 'ऑन' असेल तर तो भाग सदैव जागा. 'ऑटो' असेल तर काम नसताना ड्रायव्हर त्यास निजवू शकतो.