घरची ऐरण
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



घरच्या घरी लोहारकाम करू इच्छिणाऱ्याने हत्यारे कशी जमवावीत, ह्या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. मी व्याख्याता नव्हे. तीस वर्षे कारखान्यात फिटरची नोकरी करून निवृत्तीनंतर परसात भट्टी पेटविणारा मी एक साधा कारागीर. माझ्याजवळ अनुभवावाचून देण्यासारखे काही नाही, आणि तो अनुभवही एका चुकीपासून सुरू होतो.

आमचे वडील निवर्तले त्या वर्षी आम्ही भावंडांनी त्यांची ऐरण भंगारात वजनावर विकून टाकली. आम्ही सर्व नोकरदार. ऐरण कोणाच्या कामाची? १९६५ साली भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ ह्या चित्रपटाने ऐरणीचे गाणे घरोघर नेले. आमच्याही घरात ते गुणगुणले जाई. गाणे ओठांवर राहिले आणि ऐरण तराजूत गेली!

निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा मी बाजारातून नवी, रंग दिलेली ऐरण आणली. दुसऱ्याच महिन्यात तिचा कोपरा उडाला. ऐरण बिडाची होती. बीड ठिसूळ, ते घाव सोसत नाही, हे लोहाराच्या मुलास ठाऊक असावयास हवे होते. पण रंगाला मी भुललो. म्हणून तरुणांना पहिली सूचना ही की, ऐरण डोळ्यांनी घेऊ नका, कानांनी व हातांनी घ्या. लहान हातोडी वीतभर उंचीवरून तिच्या तोंडावर सोडून पाहा. कडक पोलादी तोंड असेल तर हातोडी उसळी घेते. बिडावर ती मरगळून पडते. आवाज खणखणीत येतो की बद्द, तेही ऐका. काठ किंचित झिजलेले असले तर चालतील, परंतु तोंडास तडा नसावा.

जुनी ऐरण न मिळाल्यास रेल्वेच्या रुळाचा तुकडा चालतो. बावन्न किलोच्या रुळाचा अर्धा मीटर तुकडा सव्वीस किलो भरतो. तो आडवा न ठेवता उभा पुरावा, म्हणजे घावाखाली सगळे वजन येते. मात्र तो रीतसर लिलावातील मालापैकीच, पावतीसह घ्यावा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर घट्ट बसवावी. उंची इतकी की, सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मिटलेल्या मुठीची बोटे ऐरणीच्या तोंडास टेकावीत. ऐरण ह्याहून ठेंगणी असेल तर कंबर दुखते, उंच असेल तर खांदा.

ऐरणीनंतर किलोभर वजनाचा एक हातोडा, एक सांडशी, भट्टी आणि वारा. घण आरंभी नकोच. घण मारावयास दुसरा मनुष्य लागतो. चामड्याचा भाता मिळाला तर भाग्य, नाहीतर हाताने फिरवावयाचा पंखा पुरतो. भट्टी उघड्यावर किंवा वारा खेळता असलेल्या पडवीतच असावी, कारण बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो व त्याचा वासही येत नाही. अंगावर सुती कपडे, डोळ्यांवर चष्मा आणि जवळ पाण्याची कुंडी असावी. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वा पत्रा भट्टीत कधीही घालू नये. त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

बंधूंनो, येथे खरेदी थांबवावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. उरलेली हत्यारे लोहाराने स्वतः घडवावयाची असतात. ट्रकच्या कमानीचा मोडका पाटा घ्या. ते उत्तम पोलाद आहे. त्याची छिन्नी घडवा. मग तिला पाणी द्या. पोलाद सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोहचुंबकास धरीनासे होते. त्याहून थोडी अधिक आच देऊन छिन्नीची धार तेलात बुडवावी. आता ती काचेसारखी कडक, पण ठिसूळ असते. म्हणून धार घासून चकचकीत करावी आणि मागील अंगाने हळूहळू ऊब द्यावी. प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग धारेकडे सरकत येतो. धार जांभळी होताच छिन्नी थंड करावी. आपल्या वाडवडिलांजवळ तापमापक नव्हता. लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून ते भट्टीची जागा अंधारी ठेवीत. त्या अंधाराला आपण दारिद्र्य समजलो. ती विद्या होती.

पैशाची अडचण असणाऱ्यांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. पात्रतेच्या अटी पाहून अवश्य अर्ज करावा.

माझी हकिकत पुरी करतो. बिडाची ऐरण फुटल्यावर मी गावोगाव विचारीत फिरलो. अखेर आमच्या नात्यातील एका वृद्ध काकूंकडे त्यांच्या यजमानांची ऐरण गोठ्यात पडलेली दिसली. मी किंमत विचारली. त्या म्हणाल्या, “भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्याला मी दिली नाही. तुम्ही न्या, पण तिला मुकी ठेवू नका.” त्यांनी एक पैसाही घेतला नाही. ती ऐरण आज रोज बोलते. शेजारच्या वाडीतील शेतकरी खुरपी व विळे शेवटावयास आणतात, तेव्हा माझ्या वडिलांची आठवण होते आणि मान खाली जाते.

म्हणून समाजापुढे एक नम्र विनंती ठेवतो. आपल्या संस्थेने एक वही घालावी. ज्या घरात ऐरण, भाता, घण पडून असतील त्यांनी त्यांची नोंद करावी. ज्या तरुणास शिकावयाचे असेल त्याने आपले नाव लिहावे. विकावयाची वेळ आलीच, तर भंगारवाल्याच्या आधी ज्ञातीतील मुलास विचारावे. वह्या, कपाटे, समारंभ ह्यांवर आपण खर्च करतोच. ह्या वहीस फार तर दोन रुपयांची शाई लागेल.

आमच्या हातून जे गेले ते आता परत मिळावयाचे नाही. आपल्या गोठ्यात, माळ्यावर, परसात जे अजून शिल्लक आहे, ते आज घरी गेल्यावर एकवार पाहावे, एवढे सांगून आपली रजा घेतो.