पहिल्यासारखं राहिलं नाही



कार्यवाहांनी फोन करून आजच्या भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, 'लांबलेल्या विज्ञानमालिका, त्यांचे नवे भाग आणि चाहते.' पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, 'म्हणजे विज्ञानच ना?' मी हो म्हटलं. पत्रिकेवर त्यांनी 'विज्ञान आणि समाज' असं छापलं आहे. तेव्हा ज्यांना समाज ऐकायचा आहे त्यांनी थोडा धीर धरावा, तोही येणार आहे.

गेल्या वर्षी २७ नोव्हेंबरला, गुरुवारी, मी बोरिवलीला बहिणीकडे मुक्कामाला होतो. सकाळी सव्वासहाला भाच्याच्या खोलीत दिवा लागला. हा मुलगा बारावीच्या परीक्षेलाही हाका मारल्याशिवाय उठला नव्हता. बहीण घाबरली, तिला वाटलं पोट बिघडलं. तर साडेसहाला 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पाचव्या सीझनचे पहिले चार भाग येणार होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा बुधवारचे संध्याकाळचे पाच वाजत होते. तिकडच्या माणसाने ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसून पाहायचं, ते आमच्या बोरिवलीकराने दात घासता घासता पाहायचं.

अर्धा भाग घरी झाला, उरलेला लोकलमध्ये. फलाटावर दोन मित्र भेटले. त्यातल्या एकाने तेवढ्या वेळात अख्खा भाग दीडपट वेगाने पळवून पाहिला होता. मला हे ऐकूनच धाप लागली. त्याने 'अरे, शेवटी तो...' एवढंच म्हटलं आणि भाच्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. डब्यात हात हलवायला जागा नव्हती, पण तोंडावर ठेवायला हात बरोबर पोचला. शेजारी पेपरची घडी घालून उभे असलेले गृहस्थ दचकून म्हणाले, 'काय झालं? कोण गेलं?' भाचा म्हणाला, 'काका, अजून कळलं नाही. तेच कळू द्यायचं नाहीये.'

ते तिघे अंधेरीला उतरले, मी दादरला गाडी बदलून मुलुंडला आलो. रात्री त्याला फोन केला, 'कसे वाटले भाग?' म्हणाला, 'बरे आहेत. पण मामा, पहिल्यासारखं राहिलं नाही.'

२०१६ च्या जुलैत ही मालिका सुरू झाली तेव्हा भाचा सातवीत होता. पडद्यावरची पोरंही साधारण त्याच वयाची होती, सायकली घेऊन गावभर हिंडणारी. आता त्यांचे आवाज फुटले, उंची वाढली, गोष्टीत मात्र ती अजून शाळेतच. इकडे भाचा रोज दाढी करून अंधेरीला नोकरीवर जातो. मग पहिल्यासारखं राहिलं नाही ते नक्की काय, हे मी त्याला विचारलं नाही. मामाने असले प्रश्न विचारू नयेत.

या सभागृहात हे वाक्य ज्याने कधी उच्चारलं नसेल असा माणूस मला दाखवा. नाटकाबद्दल, दिवाळी अंकांबद्दल, बटाटेवड्याबद्दल. पण विज्ञानमालिकांच्या चाहत्यांनी त्याची जी रीत बसवली आहे, ती पाहण्यासारखी आहे.

एक साल लक्षात ठेवा, १९६६. त्या वर्षी २४ एप्रिलला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिचं विज्ञान भवन चुनाभट्टीला आहे. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा पहिला भाग दाखवला गेला. आणि २९ ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये बीबीसीच्या 'डॉक्टर हू'मध्ये एक अचाट गोष्ट घडली. ही मालिका १९६३ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली. तिचा पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन मूळचे लखनौचे. काळातून फिरणारा एक विक्षिप्त म्हातारा डॉक्टर, ती भूमिका विल्यम हार्टनेल करत. तीन वर्षांत त्यांची तब्येत ढासळली. मालिका बंद करायची की नट बदलायचा? त्यांनी नट बदलला, पण कारण गोष्टीतच घातलं. डॉक्टर परग्रहावरचा आहे, त्याचं शरीर थकलं की तो नवं घेतो. हार्टनेल जमिनीवर कोसळले आणि पॅट्रिक ट्रॉटन उठून बसले. चेहरा वेगळा, बोलणं वेगळं, स्वभावसुद्धा वेगळा. पण माणूस तोच, असं प्रेक्षकांना सांगितलं. सगळ्यांना ते लगेच पटलं असं नाही. तेव्हापासून हा चेहरा डझनाहून जास्त वेळा बदलला आणि दर वेळी चाहते म्हणाले, हा काही डॉक्टर नाही.

हे ऐकून तुम्हाला नवल वाटत असेल तर तुम्ही मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात कधी नाटक पाहिलं नाही असं मी म्हणेन. तिसरी घंटा होते, दिवे मंदावतात आणि पडद्यामागून आवाज येतो, 'काही अपरिहार्य कारणामुळे आजच्या प्रयोगात अमुक यांची भूमिका तमुक करतील.' मग प्रेक्षागृहातून जो एक आवाज उठतो, त्याला मराठीत शब्द नाही. उसासा म्हणावा तर त्यात राग आहे आणि राग म्हणावा तर कुणी उठून जात नाही, कारण तिकिटाचे पैसे दिलेले आहेत. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई एकदा पर्स उचलून उठल्या होत्या. यजमान म्हणाले, 'बस गं, पहिला अंक तरी बघू.' मध्यंतराला त्या वडा खाताना म्हणत होत्या, 'तसा वाईट नाही हो हा.' दुसऱ्या अंकाच्या शेवटी पर्समधून रुमाल निघाला. हार्टनेल ते ट्रॉटन हा प्रवास त्या बाईंनी दोन तासांत केला.

आणि 'नटसम्राट'? २३ डिसेंबर १९७० ला पहिला प्रयोग झाला, शिरवाडकरांचं नाटक, डॉ. श्रीराम लागू अप्पा बेलवलकर. पुढे दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला, यशवंत दत्तांनी केला. आमच्या घरी वडील लागूंचे आणि काका दत्ता भटांचे. दोघांनी दोघांनाही पाहिलं होतं, तरी जेवताना विषय निघाला की आई भाताचं पातेलं मधे ठेवायची. माझ्या उशिरा लक्षात आलं, वडिलांनी लागूंना पाहिलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. काकांनी भटांना पाहिलं ते मुंबईत पहिली नोकरी लागली त्या महिन्यात. 'डॉक्टर हू'च्या चाहत्यांत 'माझा डॉक्टर' असं म्हणण्याची पद्धत आहे. 'माझा डॉक्टर' म्हणजे आपण पहिल्यांदा पाहिला तो. वडील आणि काका त्या अर्थाने आपापल्या बेलवलकराचे होते. आपलं ते वय मागे राहिलं हे कबूल करण्यापेक्षा नव्या नटाला नावं ठेवणं सोपं असतं. या चाहत्यांची तक्रार ऐकताना मला दर वेळी त्यामागे एक साल ऐकू येतं. माझ्या तक्रारीमागचंही सांगतो.

घाटकोपरला आमच्या चाळीत ऐंशीच्या दशकात मजल्यावर एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. मालिका तिकडे १९६९ मध्ये, ७९ भागांनंतर बंद झालेली. म्हणजे आमचा ताजा भाग हा अमेरिकेतला पंधरा-वीस वर्षांचा शिळा भाग होता. आम्हाला त्याचं काय! एक जण कौलांवर अँटेना धरून, एक जिन्यात, एक दारात. 'आलं का?' 'मुंग्या आल्या!' 'आता?' 'कान आले, कान आले, थांब!' कान म्हणजे मालिकेतल्या टोकदार कानांच्या स्पॉकचे. ते दिसले की चित्र स्वच्छ आलं असं समजायचं. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. ज्याच्या घरी टीव्ही तो भाषांतर करायचा आणि आता वाटतं, निम्म्या गोष्टी त्यानेच रचल्या असणार. कौलांवरच्या मुलाने तर भाग पाहिलेलाच नसायचा. दुपारी गॅलरीत खेळ व्हायचा तेव्हा सगळ्यात जास्त वाद तोच घालायचा.

भाग एकदाच दिसायचा. चुकला की चुकला. पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आलं, 'इंद्रधनुष' आलं, १९९८ मध्ये केतन मेहतांचं 'कॅप्टन व्योम' आलं, त्यात मिलिंद सोमण. चांगली होती. माझं मत विचाराल तर पहिल्यासारखं काही नव्हतं.

एकदाच दिसणं ही अडचण बीबीसीच्या प्रेक्षकांनाही होती. त्या काळी टेपा महाग, म्हणून दाखवून झालेले भाग पुसून त्यांवर दुसरं काही घेत. 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले. पण घरोघरी काही मुलं टीव्हीच्या स्पीकरसमोर टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन धरून बसत. स्वयंपाकघरात भांडं आपटलं तर तेही टेपेत जायचं. त्या मुलांमुळे आज हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज तरी शिल्लक आहे. चित्र गेलं, आवाज राहिला. ज्यांनी तो राखला तीच माणसं पुढे प्रत्येक नव्या भागात खुसपटं काढत बसली. हे दोन स्वभाव मला वेगळे वाटत नाहीत.

अमेरिकेतही तसंच. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी चिन्हं दिसली तेव्हा चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. मिळाल्यावर तोच सीझन सगळ्यात वाईट म्हणून आजवर त्याला झोडपतात. १९७६ मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइझ' हे नाव मिळालं तेही पत्रांमुळेच.

आपल्याकडे विज्ञानकथा होती, जोमात होती. 'नवल', 'धनंजय'सारखे अंक होते, दिवाळीची वाट पाहणारे वाचक होते. पण पिढ्या पुरेल अशी मालिका मराठी विज्ञानकथेला मिळाली नाही. त्याने तोटा झाला, तसा एक फायदाही झाला. १९७४ मध्ये विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. अक्षर ओळखीचं वाटू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतलेली. परीक्षकांपुढे नुसती कथा होती, मागचं नाव नव्हतं. मालिकेच्या नव्या भागाच्या नशिबी हे सुख कधीच नसतं. तो जन्मतःच मोठ्या भावाचा शर्ट घालून येतो आणि सगळे बाह्या किती लांब आहेत तेवढंच बघतात.

आता कार्यवाहांचा समाज.

२०१७ मध्ये जाहीर झालं की 'डॉक्टर हू'मधली पुढची डॉक्टर बाई असेल, जोडी व्हिटेकर. मग काय, चाहत्यांत युद्धच. तिचा पहिला सीझन २०१८ च्या दिवाळीत चालू होता. भाचा तेव्हा नववीत, सुट्टीला आमच्याकडे आलेला, लॅपटॉप घेऊन. भाग कुठून आणायचा ते विचारू नका. ११ नोव्हेंबरचा भाग फाळणीवरचा होता. लेखक विनय पटेल. डॉक्टरच्या सोबतची यास्मिन मूळची पाकिस्तानी घरातली, शेफील्डची. आजीने दिलेल्या एका फुटक्या घड्याळाचं कोडं सोडवायला ती ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात जाते. तिथे तिची मुसलमान आजी एका हिंदू शेतकऱ्याशी लग्न करत असते. परग्रहावरचे भेसूर प्राणी आसपास फिरतात, पण ते मारायला आलेले नसतात. एकाकी मरणाऱ्यांना साक्ष असावी म्हणून ते येतात. मारणारा घरातलाच निघतो, नवऱ्या मुलाचा सख्खा भाऊ.

शेजारच्या आजी त्या वेळी फराळाचा डबा परत द्यायला आल्या होत्या. मुलुंड कॉलनीत वाढलेल्या पंजाबी बाई, सत्तेचाळीसमध्ये आठ वर्षांच्या. पडद्यावर पगड्या दिसल्या म्हणून डबा हातात घेऊनच उभ्या राहिल्या, मग बसल्या. भाचा हळूच परग्रहवासीयांचा इतिहास समजावू लागला, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. ते भेसूर प्राणी आले तेव्हा आजींचा चेहरा हलला नाही. शेतात दोरी बांधून इकडे हिंदुस्थान, तिकडे पाकिस्तान अशी हद्द आखलेली दिसली तेव्हा मात्र म्हणाल्या, 'रोको.' चित्र थांबवलं. दोरीकडे पाहत असतील असं आम्हाला वाटलं. त्या मागे पाहत होत्या. 'ये हमारा नहीं है,' त्या म्हणाल्या, 'हमारे यहाँ पहाड़ कहाँ थे?'

नंतर मी वाचलं, पंजाबची ती दृश्यं स्पेनमध्ये, ग्रानाडाच्या आसपास चित्रित केली होती. साता समुद्रापलीकडच्या चाहत्यांनी त्या भागावर पानंच्या पानं लिहिली असतील. आजींना मालिकेचं नावही माहीत नव्हतं.

भाग संपला. नेहमीचं सुरुवातीचं संगीत त्या दिवशी शेवटी आपल्याकडच्या आलापीत गायलेलं आहे, ते त्यांनी पूर्ण ऐकलं. मग डबा ठेवून विचारलं, 'ये औरत फिर आएगी?' भाचा म्हणाला, दर रविवारी.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतःहून आल्या, या वेळी डबा नव्हता. तो भाग एका अवाढव्य पार्सलच्या गोदामाचा होता, यंत्रमानव, सरकते पट्टे, धावाधाव. शेवटपर्यंत बसल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवून भाच्याला म्हणाल्या, 'अच्छी थी बेटा. लेकिन पहले वाली बात नहीं रही.'