पोटातली गोष्ट
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मला 'पन्नाशीनंतरचं आरोग्य' हा विषय दिलाय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तेव्हा माझ्याच पोटाबद्दल बोलतो.

नववीत बाईंनी फळ्यावर मोठं आतडं काढलं, तेव्हा माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. ते दोन वर्षांपूर्वी भोवलं. बेंबीखाली डावीकडे दुखायचं, कणकण यायची. गॅस असेल म्हणून ओवा-चूर्ण खात पवई तलावावर फिरायला जात राहिलो. घरी बोललो नाही. ताप 102 वर गेला तेव्हा सीटी स्कॅन झाला. निदान, डायव्हर्टिक्युलायटिस.

नाव मोठं, गोष्ट साधी. आतड्याच्या भिंतीत रक्तवाहिन्या शिरतात तिथे ती कमकुवत असते. तिथून जुन्या सायकलच्या ट्यूबला येतो तसा फुगा बाहेर येतो. वय वाढतं तसे असे फुगे अनेकांना येतात, बहुतेकांना कधी कळतही नाही. एखादा सुजला तरी बऱ्याचदा औषधांनी भागतं. माझ्या फुग्याशेजारी मात्र पू साठला होता. तो पोटात फुटला असता तर घाईघाईत मोठा छेद आणि काही महिने पोटावर शौचाची पिशवी लागली असती, असं सर्जननी बायकोसमोर सांगितलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते ऑपरेशनपेक्षा जास्त दुखलं.

पू सुईने काढला. दोन महिन्यांनी आतून तपासून कॅन्सर नसल्याची खात्री केली. मग दुर्बिणीने आतड्याचा तेवढा तुकडा काढून टोकं जोडली. चार भोकं आणि एक चार बोटांचा छेद. पाचव्या दिवशी घरी.

जे.जे.मध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया 1972 पासून दुर्बिणीने पोट तपासत. भारतातलं दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं पहिलं ऑपरेशन त्यांनी तिथेच 1990 साली केलं. आपल्याला तेव्हा नुकत्या नोकऱ्या लागत होत्या. आपल्याच शहरात काय चाललंय, याचा पत्ता नव्हता.

पेरू सोडलास का, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. बिया अडकतात ही जुनी समजूत. अमेरिकेत 47 हजार पुरुषांच्या 18 वर्षांच्या नोंदी तपासल्या, त्याचा निष्कर्ष 2008 साली आला. दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत हा आजार जास्त आढळला नाही. माझ्या सर्जननी मला पेरूही खायला सांगितलाय.

आणि चहाच्या वेळी दोघांनी मला कोपऱ्यात नेऊन हळूच सांगितलं, "मलाही तिथेच दुखतं रे." नावं सांगत नाही. सोमवारी सकाळी नऊला रिक्षा घेऊन तुमच्या दारात येतोय. तयार राहा.