पोपटाची जेवणाची सुट्टी



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की श्रोते बोनसाच्या आणि महागाईभत्त्याच्या तयारीने बसतात. आज मी पोपटांविषयी बोलणार आहे. पिंजऱ्यातल्या नव्हे, तर रानात आपले पोट आपण भरणाऱ्या पोपटांविषयी, आणि ते खात असताना त्यांची छायाचित्रे घेताना मी जे शिकलो त्याविषयी.

माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि रद्दीच्या दुकानात झाले. भारतीय पक्ष्यांवरचे सलीम अलींचे पुस्तक १९४१ साली प्रथम निघाले. त्याची एक फाटकी प्रत मी शब्दकोश उशाला घेऊन वाचली. पण पोपटाची ओळख त्याच्याही आधीची, आणि ती वैराची. बारा वर्षांचा असताना मी दुसऱ्याच्या शाळवात माळ्यावर उभा राहून पाखरे राखीत असे. पोपट जितके खातो त्याहून अधिक नासतो. कणीस कुरतडायचे, चार दाणे खायचे आणि उरलेले टाकून पुढच्यावर बसायचे, ही त्याची रीत. संध्याकाळी मालक पडलेली कणसे मोजी आणि त्या हिशेबाने माझी मजुरी कापी. तेव्हा हिरवा रंग दिसला की माझा हात गोफणीकडे जाई.

चाळीस वर्षांनी त्याच हातात एक जुना कॅमेरा आला. राधानगरीच्या बाजूला, जंगलाच्या काठी, एका शेताच्या बांधावर काटेसावर आहे. माघ-फाल्गुनात तिची पाने झडलेली असतात आणि फांद्या लाल फुलांनी भरतात. हिरवा पोपट हिरव्या पानांत सापडत नाही. सावरीवर तो लपू शकत नाही. तेथे जांभळट तांबड्या डोक्याचे लहान पोपट येतात. तो रंग नराचा. मादीचे डोके करडे. त्यांच्या पायाला दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. त्यामुळे एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायात घास धरता येतो, आपण हातात भाकरी धरतो तसा. सावरीची जाड पाकळी चोचीने तोडायची, फुलातला मध चाखायचा, की फूल खाली. तासाभरात झाडाखाली सडा पडतो.

पहिल्या वर्षी मी उतावीळपणे झाडाखाली गेलो. थवा किंचाळत उडाला आणि माझ्या चित्रात रिकामी फांदी आली. तीन सकाळी असेच झाले. चौथ्या दिवशी बांधाला टेकून बसलो असता मनात आले, की आयुष्यभर आपण कोणासाठी भांडलो? १९४८ च्या कारखाना कायद्यात पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा हक्क लिहिला होता. कामगार डबा उघडून बसला असताना मुकादमाने हाक मारली, तर आम्ही सारे खाते उभे करीत होतो. आणि आज मुकादम कोण? मीच!

तेव्हापासून उजाडण्यापूर्वी जाऊन बसतो. सूर्य पाठीशी, अंगावर मातकट कपडे, हालचाल नाही. थवा येतो, आधी शेंड्यावर बसून सभोवार पाहतो, आणि भरवसा पटला की मगच खाली उतरून खाऊ लागतो. तो भरवसा पटेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. चित्र सेकंदाच्या पाचशेव्या भागात निघते. त्यासाठी दोन तास बसावे लागते.

एक चूक मी केली, ती सांगितलीच पाहिजे. एका स्नेह्याच्या सल्ल्याने मी सावरीच्या फांदीला पेरूच्या फोडी बांधल्या. चित्र सुंदर आले, प्रदर्शनात लागले, लोकांनी वाखाणले. ते मी बांधाच्या मालकाला दाखवले. म्हाताऱ्याने ते उन्हात धरून न्याहाळले आणि विचारले, "तात्या, सावरीला पेरू कवा लागला हो?"

मी ते चित्र पेटीत ठेवून दिले. पोपट खरा, फांदी खरी, पण घास खोटा होता. पगारपत्रकावर खोटी सही घेणाऱ्याशी भांडलेल्या माणसाला हे शोभणारे नव्हते.

त्याच म्हाताऱ्याने पुढे विचारले, "तुमचा फोटू होतो. माझा शाळू जातो. त्याचं काय?" या प्रश्नाला माझ्याजवळ पुरे उत्तर नाही. पण दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा सावरीवरून शाळवाकडे वळवला आणि कुरतडून पडलेल्या कणसांचीही चित्रे घेतली. दोन्ही चित्रे आता मी शेजारी शेजारीच दाखवतो. पहिल्यात पोपटाचे रूप आहे. दुसऱ्यात त्या रूपाची किंमत आहे, आणि ती आपण शहरातले लोक भरीत नाही. बांधावरचे झाड राखणारा आणि थव्याला शाळवाचा वाटा सोसणारा शेतकरी ती भरतो. रानपाखरांचे कौतुक करणाऱ्याने आधी त्याच्या नुकसानभरपाईच्या मागणीमागे उभे राहिले पाहिजे.

पोपट पिंजऱ्यात कोंडणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे आपण जाणताच. माझी विनंती त्याहून लहान आहे. उद्या सकाळी एखाद्या झाडावर थवा दिसला, तर टाळी वाजवू नका, दगड उचलू नका. थोडे थांबा. त्याची जेवणाची सुट्टी पुरी होऊ द्या.