कावड आणि कवडी

बसा मायबाप. मागच्यांनी जरा पुढं सरका, उन्हातून चालत आलेल्या माउलींना मंडपात घ्या. पाणी पोचलं का त्या टोकाला? पोचलं? बरं.

अभंगाचं शेवटचं चरण राहिलंय. ते घेण्याआधी एक गोष्ट सांगतो, माझ्या घरातली आहे. आणि गोष्ट कोंबडीची आहे. (हशा) हसा, हसा. माळकऱ्यांच्या मेळ्यात महाराज कोंबडीचं काय काढून बसले, असंच वाटणार. मलाही त्या दिवशी असंच वाटलं होतं.

नाथांची कथा तुम्हाला पाठ आहे. काशीची गंगा कावडीत भरून नाथ रामेश्वराला निघालेले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडतंय. नाथांनी कावड खांद्यावरून उतरवली आणि रामेश्वराचं पाणी गाढवाच्या तोंडात घातलं. ही कथा मी बावीस वर्षं सांगतोय. आयाबाया डोळ्याला पदर लावतात. मीही गळा भरून आणतो. खरं बोलायचं तर आणावा लागतो. मग नारळ, बिदागी घेऊन घरी. कथेतल्या गाढवाचा एक गुण आहे बघा, त्याला वास येत नाही.

माझी थोरली बहीण कपाळ उजाड झाल्यावर लेकराला घेऊन माहेरी आली. तिच्याबरोबर पाच कोंबड्या आल्या. आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ. मी म्हणालो, ताई, तू ये, लेकरू येऊ दे, पण कोंबड्या नकोत. ती म्हणाली, "दादा, तुझ्या घरचं खाईन, पण पोराच्या वह्यांना तुझ्याकडं हात पसरणार नाही. अंडी विकूनच मी वह्या घेते." मग गोठ्याच्या मागं खुराडं बांधलं. मी त्या बाजूला कधी फिरकलो नाही. अंगणात एखादी आली तर काठी आपटायची, एवढाच आमचा संबंध.

फाल्गुन वद्य षष्ठी होती. नाथषष्ठी. शेजारच्या गावात संध्याकाळी माझं कीर्तन. ताई गव्हाच्या काढणीला रोजानं गेलेली. मी आंघोळ करून धोतर नेसलो, उपरणं घडी घालतोय, तोच भाचा रडत आला. "मामा, कवडी बघ ना कशी उभी राहिलीय." कवडी म्हणजे ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, पाचांतली सगळ्यात चांगली अंडी देणारी. सकाळपासून अंड्याच्या टोपलीत जाऊन बसत होती, उठत होती, अंडं नाही. दाणा टिपत नव्हती. आता कोपऱ्यात ताठ उभी, पिसं फुगलेली, शेपूट खाली, डोळे मिटलेले. मधूनच कुंथायची.

त्याच वेळी दारात मोटरसायकल. गावोगाव कोंबड्या गोळा करणारा तो. त्यानं लांबूनच ओळखलं. "महाराज, रात्र काढत नाही ही. मरायच्या आत देऊन टाका, थोडे तरी पैसे येतील." मायबाप, लपवत नाही, मला ते पटलं. ताईला पैसे मिळतील, मला कीर्तनाला निघता येईल, पोराची रडारड थांबेल. आजारी जीव उद्या कुणाच्या तरी ताटात जाईल, हे मनातसुद्धा आलं नाही. आपण खात नाही ना! दुसऱ्याच्या ताटात काय पडतंय याचं आपल्याला काय? मी "ने" म्हणालोच होतो. वळून बघतो तर पोरगा कवडीला छातीशी धरून गोठ्यामागं पळालेला.

तो माणूस गेला आणि मी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला. ते दोन गावं पलीकडं, अडलेल्या गाईपाशी. म्हणाले, मला यायला रात्र होईल, मी विचारतो ते बघून सांगा. मान वाकडी झालीय का? नाही. हिरवी हगवण आहे का? नाही. घुरघुर? नाही. बाकीच्या कोंबड्या? धडधाकट. "मग महाराज, शेपटीखाली पोटाला हलकेच बोट लावा. गोळा लागतो का?"

आता आली पंचाईत. धुतलेलं धोतर, गळ्यात माळ, कपाळी गंध, आणि बोट कुठं लावायचं तर तिथं. मी पोराला म्हणालो, तू लाव. त्याला कळेना. शेवटी मीच लावलं. आत टणक अंडं. डॉक्टर म्हणाले, "गाय अडते तशी कोंबडीही अडते. दाबू नका. अंडं आत फुटलं तर विष होतं, मग काही हातात राहत नाही."

त्यांनी सांगितलं तसं केलं. घमेल्यात मनगटाला सोसेल इतकं कोमट पाणी घेतलं, कवडीला पोटापर्यंत त्यात बसवलं आणि पंधरा-वीस मिनिटं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. पहिल्यांदा तिनं पंख झाडले, माझ्या धोतराची दशा करून टाकली. मग पाण्याची ऊब लागली तशी गप्प झाली. माझ्या तळहाताखाली तिचं काळीज धडधडत होतं. म्हण आहे ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी? इथं हरीचा दास कोंबडीचे पाय धरून बसला होता!

बाहेर काढून पुसली, करंगळीला गोडेतेल लावून कडेनं चोळलं, डालग्यात गोणपाट अंथरून अंधाऱ्या, उबदार जागेत ठेवली. अंडं आलं नाही. तासाभरानं परत घमेलं. डॉक्टरांनी पुन्हा फोन करून विचारलं, खायला काय घालता? पोरगा म्हणाला, कण्या आणि उष्टं अन्न. ते म्हणाले, तिथंच चुकतंय. अंड्याचं कवच व्हायला साधारण 20 तास लागतात आणि एका कवचाला 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. तेही सरलं की कवच पातळ होतं, अंगात अंडं ढकलायची ताकद राहत नाही. शिंपल्यांचा चुरा नाहीतर अंड्यांची टरफलं भाजून, बारीक करून घालत जा.

मी घमेल्यापाशी बसल्या बसल्या मनाशी म्हणालो, माझ्या भाच्याच्या वह्या हिच्या हाडांतून आल्यात की रे. आणि मी हिला काठी आपटत होतो.

इथं जरा थांबतो. कोंबड्या पाळणाऱ्या आया समोर बसल्यात, त्यांना कोण सांगणार? मान वाकडी होणं, हिरवट पांढरी हगवण, धाप, आणि एकामागून एक मरायला लागणं, ती मानमोडी. डॉक्टर लोक राणीखेत म्हणतात, कुमाऊँच्या डोंगरातल्या गावाचं नाव पडलंय त्या रोगाला. त्याच्यावर औषध नाही. लस आहे. पिल्लं आठवड्याची व्हायच्या सुमाराला डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब टाकतात, पुढचे डोस दवाखान्यात विचारा. आजारी कोंबडी लगेच वेगळी ठेवा, तिचं पाण्याचं भांडं वेगळं ठेवा. मेलेली ओढ्यात टाकू नका, खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. हात साबणानं धुवा. पाणी पाजायचं तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा. घशात ओतलंत तर श्वासात जातं, आणि माया करता करता जीव घ्याल. माळवाल्यांनी ऐकलं म्हणून माळ तुटत नाही, बरं का.

तर, दुसऱ्यांदा पाण्यात बसवली तेव्हा दिवेलागण झाली होती. कीर्तनाच्या गावाहून तीन फोन येऊन गेले. पोरगा विचारतो, "मामा, तू जाणार?" मी काही बोललो नाही. जावं तर हिला धरायला कोण? नऊ वर्षांच्या पोराच्या हातात देऊन तिथं जाऊन नाथांनी कावड कशी खाली ठेवली ते सांगू? माझी कावड म्हणजे काय हो, एक धुतलेलं धोतर आणि ठरलेली वेळ. तीसुद्धा उतरवताना खांदा दुखत होता.

ताई कामावरून आली तेव्हा मी डालग्यापाशी कंदील घेऊन बसलो होतो. तिनं काही विचारलं नाही. पदर खोचला, शेजारी बसली. थोड्या वेळानं कवडीनं एकदा जोरात कुंथलं आणि अंडं पडलं. मऊ, सुरकुतलेलं, कवच कसलं, नुसता पापुद्रा. ताईनं ते हातात घेतलं, आणि माझ्याकडं बघून रडली. नवरा गेल्यानंतर ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली.

कीर्तनाला मी सव्वा तास उशिरा पोचलो. धोतर बदललं होतं, हाताचा वास गेला नव्हता. मंडळी चिडलेली. मी कारण सांगितलं नाही, मला लाज वाटली. आज तुमच्यापुढं सांगतोय. त्या रात्री नाथांच्या कथेत गाढवापर्यंत आलो आणि गळा भरून आणावा लागला नाही. पुढचं वाक्यच फुटेना. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं, गजर धरला.

कवडी जगली. दोन आठवडे अंडं दिलं नाही, मग पुन्हा द्यायला लागली. वर्षभरानं कायमची थांबली. तो मोटरसायकलवाला परत आला होता, "आता तर कवडीमोलाची झाली," म्हणाला. ताईनं मला विचारलंही नाही, परस्पर वाटेला लावलं त्याला. आता कवडी अंगणात फिरते. काठी मी चुलीत घातली.

भाचा मात्र मला अडवून गेला. सकाळी विचारतो, "मामा, नाथांचं गाढव पाणी पिऊन उठलं ना? मग नंतर त्याला दाणापाणी कुणी केलं?" बावीस वर्षं कथा सांगतोय, मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काय सांगावं त्याला? मी त्याच्या हातात शिंपल्यांच्या चुऱ्याचा डबा दिला आणि दोघं खुराड्याकडं गेलो.

चला, शेवटचं चरण घेऊ. पखवाजवाले, हात चालू द्या. आयाबायांनी टाळी द्या. विठोबा रखुमाई, विठोबा रखुमाई.